कोरल कुठं गेलं? सीबीएसजवळच्या एका डीटीपी दुकानाच्या स्टार्ट मेनूची केस

दिवाळी पाडव्याला काकांनी नवीन कॉम्प्युटर घेतला आणि चौथ्या दिवशी मला फोन. हॅलो नाही काही नाही, डायरेक्ट "अरे ते कोरल कुठं गेलं?" कोरल म्हणजे कोरलड्रॉ, पत्रिका आणि बॅनर बनवायचं सॉफ्टवेअर. मी म्हणलं काका, परवाच तर टाकून दिलंय की. "टाकलं असशील रे, पण कुठं टाकलं? इथं तीन माणसं उभी आहेत."

काकांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर टायपिंग आणि डिझाइन करून द्यायचं दुकान, नाशिकच्या सीबीएस एसटी स्टँडजवळ, कोर्टाच्या बाजूला. सकाळी कोर्टाची आणि कलेक्टर कचेरीची गर्दी, म्हणजे प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, सातबारा, आणि दुपारनंतर लग्नपत्रिका, बॅनर, व्हिजिटिंग कार्ड. दोन टेबलं, दोन मशीनं, एक ऑपरेटर ताई आणि स्वतः काका. तुळशीचं लग्न आठ-दहा दिवसांवर आलेलं, म्हणजे पत्रिकांचा सीझन दारात, त्यामुळे ताईंचं डोकं आधीच तापलेलं.

जुन्या मशीनवर विंडोज 7 होतं. हसू नका, अजून बऱ्याच दुकानात आहे. 14 जानेवारी 2020 ला त्याचा सपोर्ट संपला, क्रोमनं पण 109 नंतर नवीन व्हर्जन द्यायचं बंद केलं, पण काकांचं एकच, "चालतंय ना?" चालत होतंच. मग भाडेकराराच्या थंब मशीनचं (अंगठ्याचा ठसा घेतं ते) नवीन सॉफ्टवेअर त्याच्यावर बसेना, तेव्हा कुठं ऑक्टोबर 2025 मधे मुहूर्त लागला. तसाही त्याच महिन्यात 14 तारखेला विंडोज 10 चा सपोर्ट संपला होता, त्यामुळे सगळीकडे नवीन मशीनची बोलणी चालूच होती.

आता मुद्दा असा की काका 7 वरून थेट 11 वर आले. स्टार्ट मेनू, म्हणजे विंडोजचं बटण दाबलं की उघडणारी प्रोग्रामची यादी, आला 1995 ला विंडोज 95 बरोबर, 2012 ला विंडोज 8 नं तो काढूनच टाकला, लोक बोंबलले म्हणून 8.1 मधे बटण तेवढं परत आलं, 2015 ला 10 मधे मेनू आला पण टाइल्सवाला, आणि 2021 ला 11 मधे टाइल्स गेल्या आणि पिन केलेले, म्हणजे वर चिकटवून ठेवलेले आयकॉन आले. ही सगळी भानगड काकांनी बघितलीच नाही. त्यांच्या लेखी 'ऑल प्रोग्राम्स' दाबलं की फोल्डर दिसतात, फोल्डरच्या पोटात फोल्डर, आणि तिथं त्यांनी स्वतः दहा वर्षांत लावून ठेवलेला संसार. '1 कोर्ट', '2 लग्न', '3 फोटो'. कोणी शिकवलं नव्हतं, चुकतमाकत जमवलेलं. नवीन मशीनवर तो संसार नाही, आणि मी परवा सॉफ्टवेअर टाकून निघून गेलो होतो, स्टार्ट मेनूकडे ढुंकून पण बघितलं नव्हतं. चूक माझीच.

गेलो तेव्हा डेस्कटॉपवर 60 च्या वर आयकॉन. काकांच्या पुतण्यानं मदत म्हणून दिसेल त्याचा शॉर्टकट बाहेर काढून ठेवलेला, आणि वर हा पण पराक्रम की काही नको असलेले प्रोग्राम 'काढून टाकले', म्हणजे नुसते आयकॉन डिलीट केले. हा गैरसमज इतका पसरलाय ना की दर महिन्याला एकदा तरी भेटतो. आयकॉन म्हणजे घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी, चिठ्ठी फाडली म्हणून घर पडत नाही. उलटं पण होतं, घर पाडलं तरी चिठ्ठी राहते, मग त्याच्यावर क्लिक केलं की विंडोज बिचारं शोधत बसतं.

मी लगेच आवरायला घेतलं असतं, सवयीनं. पण त्या दिवशी गर्दी होती आणि खुर्ची मिळाली नाही, म्हणून मागं स्टुलावर चहा घेत तासभर बसून राहिलो, ताई काय काय उघडतात ते बघत. या तासाचा जेवढा उपयोग झाला तेवढा नंतरच्या दोन दिवसांच्या कामाचा नाही. स्टार्टमधल्या 'ऑल' च्या यादीत खाली जाऊन मोजले तर शंभरावर नावं. ताईंनी तासाभरात उघडले आठ प्रोग्राम. तेच तेच आठ, फिरून फिरून. आणि स्कॅनर शोधायला दरवेळी थांबायच्या, कारण स्कॅन यादीत 'स्कॅन' नावानं नव्हतंच, ते होतं प्रिंटर कंपनीच्या नावाच्या फोल्डरात, मॉडेल नंबरच्या खाली. म्हणजे विंडोजची यादी एबीसीडीनं, पण ती एबीसीडी कंपनीच्या नावाची, कामाच्या नावाची नाही. गिऱ्हाईक येऊन कधी म्हणतं का की अमुक कंपनीचं अमुक युटिलिटी उघडा? ते म्हणतं "ताई एवढं स्कॅन करून द्या".

दुसरी गोष्ट बघितली ती जास्त मजेशीर. मी ताईंना म्हणलं, एवढं शोधताय कशाला, विंडोजचं बटण दाबा आणि कोरल टाइप करा. त्या म्हणाल्या, "दादा, टाइप केलं की हे येतं." आणि दाबून दाखवलं. स्क्रीनवर 'मदीात'. मला दोन मिनिटं काही कळेना. मग पेटली ट्यूब. अर्ज, प्रतिज्ञापत्र सगळं युनिकोडमधे, इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्डवर, आणि कीबोर्ड मराठीवरच राहिलेला. इनस्क्रिप्टमधे इंग्रजी 'सी' च्या जागी म, 'ओ' ला द, 'आर' ला दीर्घ वेलांटी, 'ई' ला काना, 'एल' ला त. झालं, मदीात. विंडोज की आणि स्पेस दाबून भाषा बदला, मग शोधा, मग परत मराठी करा, एवढं कोण करणार गिऱ्हाईक समोर असताना? मी आतापर्यंत प्रत्येकाला 'सर्च करा, मेनूची गरजच नाही' असा सल्ला देत आलोय, तो सल्ला इथं पार झोपला.

बरं. पहिला प्रयत्न. मी शहाणपणा केला आणि काकांचा जुना संसार जसाच्या तसा उभा करायला घेतला. स्टार्ट मेनूतले शॉर्टकट खरं तर साध्या फोल्डरात असतात आणि असे फोल्डर दोन. विंडोज की धरून आर दाबायचा, येणाऱ्या खिडकीत इंग्रजीत 'शेल:प्रोग्राम्स' लिहायचं, की त्या युजरपुरता फोल्डर उघडतो, आणि 'शेल:कॉमन प्रोग्राम्स' लिहिलं की सगळ्या युजरांचा. दुसरा सी ड्राइव्हच्या प्रोग्रामडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतो, तिथं बदल करायला अ‍ॅडमिनची परवानगी मागतो. हात लावायच्या आधी दोन्ही फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवले, ही एवढी अक्कल होती.

मग बनवला '2 लग्न', त्याच्यात 'पत्रिका' आणि 'बॅनर', कोरल दोन्हीकडे, फोटोशॉप बॅनरमधे. मस्त दिसत होतं फोल्डरात. स्टार्ट उघडला तर? नावाआधी आकडा असल्यामुळे फोल्डर यादीत सगळ्यात वर, आकड्यांच्या गटात आले, तेवढं बरोबर झालं. पण आतले फोल्डर गायब. विंडोज 11 एकच पातळी दाखवतं, पोटातल्या फोल्डरांमधलं सगळं सपाट करून एकाच यादीत ओततं. आणि कोरल दोन्हीकडे ठेवलं होतं ते दिसलं एकदाच, कारण एकाच प्रोग्रामचे दोन शॉर्टकट असले तरी स्टार्ट एकच दाखवतो. अर्धा दिवस गेला. काका मागून बघत होते, म्हणाले, "आमचं बरं होतं मग." काय बोलणार.

खरी वाट दाखवली ती काकांनीच, बोलता बोलता. काका मूळचे छापखान्यातले. कॉम्प्युटर यायच्या आधी गावातल्या एका प्रेसमधे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे, ट्रेडल नावाच्या छपाईच्या मशीनवर लग्नपत्रिका निघायच्या तो काळ. मी वैतागून म्हणलं की काका एबीसीडीनं तरी लावून घेऊ, तर म्हणाले, "जुळाऱ्याची केस, खिळे ठेवायची खणांची पेटी, बघितलीय का कधी तू? अ, आ, इ, ई असे खण नसतात लावलेले. जो खिळा सारखा लागतो तो हाताशी, आणि कधीतरी लागणारी जोडाक्षरं लांब. जुळारी केसकडे बघत पण नाही, तो बघतो कॉपीकडे, म्हणजे जुळवायच्या मजकुराकडे, हात आपोआप जातो. आणि खण हलवायचा नाही. खण हलवला की दिवसभर चुका." एवढं बोलून ते झेरॉक्सकडे वळले. मी तसाच बसलो.

म्हणजे यादी सुधारायचीच नव्हती. यादी जाऊ दे खड्ड्यात. वर पिन केलेल्या आयकॉनची जी जागा आहे ती केस समजायची. बाकीचं सगळं गोडाऊन.

विंडोज 11 मधे तेव्हा एका ओळीत सहा पिन बसायचे, आणि मधे रिकामी जागा सोडता येत नाही, आयकॉन एकामागोमाग सरकत येतात. त्यामुळे पहिली ओळ कोर्टाची ठेवायची तर तिथं बरोबर सहाच पाहिजेत, पाच असले तर लग्नाचा एक वर चढणार. आमचे कोर्टाचे पाच निघाले: थंब, टायपिंगचं वर्ड, स्कॅन, भाडेकरार, सातबारा. सहावा कॅल्क्युलेटर टाकला, खरं सांगायचं तर ओळ भरायला, पण आता सगळ्यात जास्त तोच वापरतात म्हणे, पानांचा हिशोब करायला. भाडेकरार आणि सातबारा हे प्रोग्राम नाहीत, वेबसाइट आहेत. एज ब्राउझरमधे साइट उघडून तीन टिंबांच्या मेनूत अ‍ॅप्समधून 'ही साइट अ‍ॅप म्हणून इन्स्टॉल करा' केलं की तिचा स्वतःचा आयकॉन स्टार्टमधे येतो, नाव पण आपण देऊ ते. हे मला फार आवडतं, कारण ताईंना 'आधी ब्राउझर मग बुकमार्क' असं डोक्यात ठेवावं लागत नाही, कामाचं बटण ते कामाचं बटण.

दुसरी ओळ कोरल, श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर), फोटोशॉप, पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅप आणि डाउनलोड्सचा फोल्डर. फोल्डरवर राइट क्लिक करून पिन टू स्टार्ट केलं की फोल्डर पण येतो, आणि पत्रिकेचा मजकूर आजकाल व्हॉट्सअ‍ॅपवरच येतो, लग्नघरचे कागदावर लिहून आणतात ते दिवस गेले (नाव चुकलं की भांडायला मात्र प्रत्यक्ष येतात). तिसऱ्या ओळीत काकांची हिशोबाची टॅली, सेटिंग्ज, आणि एक गठ्ठा. एका पिनवर दुसरा पिन ओढून टाकला की गठ्ठा तयार होतो, ही सोय 2022 च्या 22एच2 अपडेटमधे आली. त्याला नाव दिलं 'कधीतरी'. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचं हेड क्लीनिंग, झिप फाइल उघडायचं, लांबून कंट्रोल घ्यायचं, सगळं तिथं. नेहमीचं काम मी गठ्ठ्यात मुद्दाम टाकलं नाही, एक क्लिक वाढतो, आणि दिवसातून साठ वेळा वाढतो.

कंपनीनं आधीच चिकटवलेले गेम आणि काय काय होतं ते अनपिन केलं, जे खरंच नको ते अनइन्स्टॉल केलं. पुतण्याला बोलावून दोन्हीतला फरक दाखवला. मान हलवली त्यानं, बघू.

नावांचं काम वेगळं. ज्यांचे शॉर्टकट त्या दोन फोल्डरात होते त्यांची नावं सरळ बदलली, साधी फाइल रिनेम करतो तशी. आणि नाव ठेवलं दोन्ही लिपीत, आधी मराठी 'कोरल' आणि पुढं त्याचंच इंग्रजी स्पेलिंग, म्हणजे कीबोर्ड मराठीवर असो नाहीतर इंग्रजीवर, शोधलं की सापडतं. स्कॅनरच्या मॉडेल नंबरवाल्या नावाचं झालं 'स्कॅन'. मी आधी नाव बदलतो आणि मग पिन करतो, उलटं करून एकदा घोळ झालेला. व्हॉट्सअ‍ॅपसारखे स्टोअरवरून आलेले अ‍ॅप मात्र त्या फोल्डरात नसतात, त्यांचं नाव असं बदलता येत नाही, पण त्याला व्हॉट्सअ‍ॅपच म्हणतात सगळे, काही अडलं नाही. एक प्रोग्राम असा निघाला की पुढच्याच आठवड्यात अपडेट घेतलं आणि स्वतःच्या जुन्या नावाचा शॉर्टकट परत फोल्डरात आणून टाकला. अशा वेळी चिडायचं नाही, जुना उचलून बाजूला ठेवायचा, पुढच्या अपडेटला परत येणार हे धरून चालायचं.

आता ज्या गोष्टीसाठी मला कोणी बोलावलंच नव्हतं ती. पिनच्या खाली 'रेकमेंडेड' असतं, नुकत्याच उघडलेल्या फाइली. काकांचा मॉनिटर गिऱ्हाइकाकडे अर्धा वळवलेला, कारण मजकूर वाचून घ्यावा लागतो. ताईंनी स्टार्ट दाबला की समोरच्याला आधीच्या माणसाचं आधार कार्डाचं स्कॅन, कोणाच्या तरी घटस्फोटाच्या अर्जाची फाइल, नावासकट दिसत होती. कोर्टाशेजारचं दुकान आहे हे, इथं नवरा एका टेबलावर आणि बायकोचा भाऊ दुसऱ्या टेबलावर असं होतं कधी कधी. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट इथं जाऊन नुकत्याच उघडलेल्या फाइली दाखवायचं बटण बंद केलं. पण ते बटण एकट्या स्टार्टचं नाही. ते बंद केलं की टास्कबारवर कोरलवर राइट क्लिक केल्यावर येणारी शेवटच्या फाइलींची यादी पण जाते, फाइल एक्सप्लोररमधली रिसेंट पण जाते. ताई दुसऱ्या दिवशी रागावल्या, त्यांचं पत्रिकेचं काम त्या यादीवर चालायचं. परत चालू करू का विचारलं. काकांनी नाही म्हणून सांगितलं, एका शब्दात. मग 'आजच्या पत्रिका' असा एक फोल्डर करून तो तिसऱ्या ओळीत पिन केला. ताईंच्या मते हे जुन्यापेक्षा स्लो आहे आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसऱ्या टेबलावरचं मशीन पण नंतर तसंच नवीन आलं. तिथं परत हातानं सगळं लावायचा कंटाळा आला होता. पिनची सगळी मांडणी विंडोज 11 एका फाइलमधे ठेवतं, नाव 'स्टार्ट2.बिन', युजरच्या अ‍ॅपडेटामधे लोकल, त्यात पॅकेजेस, त्यात स्टार्टमेनूएक्सपीरियन्सहोस्ट हे नाव मधे असलेला लांबलचक नावाचा फोल्डर, त्यात लोकलस्टेट. ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, दुसऱ्या मशीनवर त्याच जागी टाकली, रीस्टार्ट. प्रोग्राम दोन्हीकडे आधी बसवलेले पाहिजेत, नाहीतर त्याचा पिन येत नाही. आता ताई कुठल्याही खुर्चीत बसल्या तरी थंब पहिल्या ओळीत डाव्या टोकाला.

काका स्वतः? काका अजून डेस्कटॉपवरूनच उघडतात. पाच आयकॉन ठेवलेत त्यांना, त्याच्यावर आम्ही तह केलाय. आणि जुनं विंडोज 7 चं मशीन कोपऱ्यात आहेच, नेटची वायर काढून, कारण पेजमेकर नावाच्या तेव्हाच्या डीटीपी सॉफ्टवेअरमधे केलेल्या जुन्या फाइली आहेत, घराणी ठरलेली असतात, आजोबांच्या वेळची पत्रिका काढा म्हणून येतात लोक. त्याच्या स्टार्ट मेनूला मी हात लावलेला नाही.

जानेवारीत ताईंचा फोन आला. अपडेट येऊन स्टार्ट बदललेला. नवीन मेनूत पिन आणि सगळी यादी एकाच पानावर, आणि यादी विंडोज स्वतःच गटांत वाटतं, ते गट आपल्याला बदलता येत नाहीत. श्रीलिपी गेली 'इतर' मधे, आपल्याकडची सॉफ्टवेअर त्याला कुठून ओळखू येणार. पण त्याची तक्रार नव्हती, खाली त्या जातच नाहीत. गडबड वर झाली होती: मोठ्या स्क्रीनवर आता एका ओळीत सहाऐवजी आठ पिन बसतात, त्यामुळे कोरल आणि श्रीलिपी चढून कोर्टाच्या ओळीत आले आणि पुढचं सगळं दोन-दोन घरं सरकलं.

मी म्हणलं येतो संध्याकाळी, त्र्यंबक नाक्यावरून येताना. त्या म्हणाल्या, "नका येऊ, लावलंय मी. कोर्टाच्या ओळीत दोन जागा होत्या, एकीत डाउनलोड्स आणलं, एकीत कधीतरीचा गठ्ठा. लग्नाच्या ओळीला तीन कमी पडतायत तेवढं सांगा, काय टाकू?"

मागून काकांचा आवाज, "टॅली टाक म्हणावं, माझी."